वही आणि विहीर

तालुक्याच्या एका कॉलेजात भूगोलाच्या बाई वर्गाला दोन कामं लावत. तासाला एका प्रश्नावर सगळ्यांनी बोलायचं आणि घरी जाण्याआधी त्यावर चार ओळी एकाच जाड वहीत लिहायच्या. दुसऱ्या दिवशी त्या ओळींखाली इतरांनी आपलं म्हणणं मांडायचं. वही खिडकीपाशी असे, पेन दोरीनं बांधलेलं.

एकदा प्रश्न निघाला : शेजारच्या शेतात बोअर घेतली आणि गावची विहीर आटली, तर दोष कुणाचा? पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच उठला. वाचून आला होता तो. 1993 च्या कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई केली; ही बोअर तर त्याहून लांब; मग संबंध येतोच कुठं? वर्ग गप्प झाला. शेवटच्या बाकावरची मुलगीही मान खाली घालून बसली. संध्याकाळी मात्र तिनं वहीत लिहिलं, 'माझे वडील विहिरी खोदतात. आपल्याकडे खाली काळा पाषाण. त्यात पाणी भेगेनं चालतं. भेगेला कायदा माहीत नसतो.'

मुलानं खाली एकच शब्द लिहिला : 'पुरावा?'

दोन दिवसांनी ती पिशवीत मुरमाचं ढेकूळ आणि पाषाणाचा तुकडा घेऊन आली. बाटलीतलं पाणी ढेकळावर ओतलं. ते पिऊन ढेकूळ गडद झालं. पाषाणावरून पाणी घरंगळून टेबलभर सांडलं. मग तिनं तो उलटा केला. त्यावर केसाएवढी चीर होती. चिरेवर तिनं पाण्याची धार धरली. जरा वेळानं खालच्या अंगाला ओली रेघ उमटली. बाकं सोडून सगळे टेबलाभोवती आले, तोही आला.

"त्या विहिरीची भेग त्या बोअरपर्यंत जाते का, हे मात्र अजून ठरायचंय," बाई म्हणाल्या. मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

सत्र निम्मं झालं तेव्हा बाईंनी सांगितलं, "आजवर काय शिकलात, एक पान लिहा."

मुलीनं लिहिलं : 'उपसा नसला की विहिरीचे झरे गाळानं बुजतात, असं वडील म्हणतात. मी दोन महिने वर्गात तोंड उघडलं नाही. त्या दिवशी तिथंच बोलले असते, तर दगड दुसऱ्याच दिवशी आणले असते.'

मुलगा लिहायला बसला, पण सुचेना. म्हणून त्यानं वही चाळली. त्याच्या ओळी पानोपानी होत्या, एकही खाडाखोड नव्हती. दुसऱ्याच्या ओळींखाली त्यानं ठिकठिकाणी लिहिलं होतं, पण आपल्या ओळींखाली कुणी काय लिहिलं, ते आज पहिल्यांदाच वाचत होता. एका पानावर मुलीनं स्वतःचंच वाक्य खोडून लिहिलं होतं, 'काल चुकले. वडिलांना विचारलं.' त्या खोडलेल्या ओळीवर तो बराच वेळ थांबला.

त्याच्या पानावर शेवटी दोनच वाक्यं आली. 'मी पंप रात्रंदिवस चालू ठेवला. विहीर भरू दिली नाही.'

मग तो खिडकीपाशी गेला, जुनं पान काढलं आणि आपल्या 'पुरावा?'च्या खाली लिहिलं, 'पाहिला. माझं उत्तर अपुरं होतं. आता विचारतो : भेग कुठून कुठं जाते, हे खोदणारे कशावरून ओळखतात?'

दुपारपर्यंत त्याखाली तीन हस्ताक्षरं आली. चौथं मुलीच्या वडिलांचं होतं. वही ती त्या रात्री घरी घेऊन गेली होती.