उरलेल्या मातीचा प्रश्न

प्रेमभंगावर हसणे नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राने फारसा हाताळलेला नाही. प्रेमभंगाला त्या शास्त्रात स्वतंत्र जागाच नाही, हे त्याचे एक कारण असावे. भरतमुनींनी विप्रलंभ आणि करुण यांच्यातील सीमा अपेक्षेच्या आधारे आखली. पुनर्मीलनाची अपेक्षा उरते तेथे विप्रलंभ, ती मावळते तेथे करुण. प्रेमभंगात मात्र दुसरे माणूस जिवंत असते, प्रसंगी समोरच बसलेले असते. संपलेली असते ती केवळ अपेक्षा. या विचित्र अवस्थेला शोकाची प्रतिष्ठा लाभत नाही आणि विरहाची शोभाही.

चेक अतिवास्तववादी दिग्दर्शक यान श्वान्कमायर (जन्म १९३४) याच्या ‘संवादाच्या शक्यता’ (१९८२) या सुमारे बारा मिनिटांच्या लघुपटाचा मधला भाग नेमका येथे उभा आहे. मातीचे एक स्त्री-पुरुष टेबलाशी बसतात, स्पर्श करतात, आणि आलिंगनात त्यांची शरीरे एकमेकांत अक्षरशः विरघळतात. नंतर ते पुन्हा वेगळे होतात. परंतु टेबलावर मातीचा एक लहानसा गोळा उरतो. तो दोघांकडेही लडिवाळपणे सरकतो. दोघेही त्याला दूर लोटतात. अखेरीस तोच गोळा तोंडावर फेकला जातो आणि ज्या बोटांनी गाल कुरवाळले, तीच बोटे चेहरे ओरबाडू लागतात.

या लघुपटाला १९८३ साली बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. मायदेशी मात्र तो सत्ताधाऱ्यांच्या रोषाला पात्र ठरला. त्यामुळे त्याकडे राजकीय रूपक म्हणून पाहण्याची प्रथा पडली. पहिल्या भागात एकमेकांना गिळणारी मस्तके शेवटी एकसारखी होतात; तेथे हा अर्थ शोभतो. मधल्या भागाचे त्याने नुकसानच होते.

शृंगार आणि बीभत्स हे परस्परविरोधी रस, असे आनंदवर्धनाचे मत. येथे दोन्ही एकाच मातीचे आहेत, आणि त्यांच्यामध्ये हसू आहे. प्रेक्षक हसतो तो गोळ्याच्या आर्जवाला, कुत्र्याच्या पिलाला हसावे तसा. क्षणभरात त्याच गोळ्याचे शस्त्र होते आणि ते हसू घशात अडकते. प्रेक्षकाला कोणाची बाजू घेण्याची सोय नाही, म्हणून हे हसणे क्रूर ठरत नाही.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. प्रत्यक्ष जीवनात दोघांचा दोष क्वचितच समान असतो. दोघांना सारखेच ओरबाडायला लावून दिग्दर्शकाने न्यायाचा प्रश्न टाळला, असे म्हणता येईल. स्त्री-पुरुषांपुरता हा आक्षेप खरा आहे. गोळ्याला मात्र तो लागू पडत नाही. दोष कोणाचाही असो, जे दोघांचे मिळून झाले ते कोणी सांभाळायचे, हा प्रश्न अपराधाची वाटणी करून सुटत नाही. त्या गोळ्याला चित्रपटात नाव नाही आणि वेगळे मरणही नाही. शेवटच्या खदखदत्या ढिगाऱ्यात त्याची माती कोणती, हे ओळखता येत नाही.