नाव नोंदवा, घरीही सांगा



संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये अवयवदानाला प्रेमाची खरी कृती म्हटले. आज १८ वर्षांवरील कोणालाही ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेकडे अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदविता येते. परंतु मेंदूमृत्यूनंतर डॉक्टर नातेवाइकांची संमती मागतात. त्या दुःखाच्या घडीला घरच्यांना आपली इच्छा ठाऊकच नसेल, तर ते ‘नको’ म्हणू शकतात आणि नोंद कागदावरच राहते. त्यांना दोष कसा द्यावा? आपणच कधी बोललो नव्हतो.

प्रत्येक मिस्सामध्ये प्रभू येशू स्वतःचे शरीर आपणांस देतो. ते घेऊन घरी जाणाऱ्यांनी आज संध्याकाळी, रोझरीनंतर, आपली इच्छा घरच्यांना सांगावी. त्यांचीही ऐकून घ्यावी.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.