अन्ननिरोध आणि अतिभार : स्थूल श्वानाच्या आहारनियमनाचा नैतिक विचार

भारतीय धर्मविचारात कुत्र्याला अन्न देणे हे गृहस्थाच्या नित्यकर्मांपैकी एक मानले गेले आहे. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठी अन्नाचा वाटा काढून ठेवण्याचा विधी, गृहस्थाने रोज करावा असे स्मृतिग्रंथ सांगतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुत्रे, कावळे, किडे आणि समाजाने बहिष्कृत केलेली माणसे यांच्यासाठी जमिनीवर हळुवारपणे अन्न ठेवण्याचा निर्देश आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर आपल्यामागे आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास नकार देतो, दत्तात्रेयाच्या पायाशी उभ्या असलेल्या चार कुत्र्यांना लोकश्रद्धा चार वेद मानते, जेजुरीच्या खंडोबाच्या परिवारात कुत्र्याला मान आहे, आणि पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. या सर्व परंपरेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि ती इतकी उघड आहे की तिचा उच्चार करण्याची गरज कोणालाच भासली नाही : हा कुत्रा भुकेला आहे. तो उंबऱ्याबाहेरचा आहे, त्याचे पुढचे जेवण अनिश्चित आहे, आणि त्यामुळे त्याला दिलेला प्रत्येक घास निरपवाद पुण्याचा ठरतो.

शहरातील सदनिकेत वाढणाऱ्या पाळीव कुत्र्याच्या बाबतीत हे गृहीतक लागू पडत नाही. पशुवैद्यक कुत्र्याच्या शरीरस्थितीचे मोजमाप बहुधा १ ते ९ अशा श्रेणीवर करतात. ४ किंवा ५ ही श्रेणी योग्य समजली जाते, म्हणजे अशा कुत्र्याच्या बरगड्या हाताला सहज लागतात आणि वरून पाहिले असता कंबर दिसते. आदर्श वजनापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक वजन झाले की त्या अवस्थेला सामान्यतः स्थूलता म्हणतात. नसबंदीनंतर शरीराची ऊर्जेची गरज घटते, फिरणे सोसायटीच्या आवारापुरते उरते, आणि खाणे मात्र घरातील प्रत्येकाच्या हातून स्वतंत्रपणे येत राहते, तेव्हा ही अवस्था कोणाच्याही लक्षात न येता प्राप्त होते. अशा कुत्र्याचे अन्न कमी करणे ही दया की हिंसा, हा प्रश्न वरवर वैद्यकीय वाटतो. परंतु ज्या घरांत भूतदयेचे संस्कार खोल रुजले आहेत तेथेच पशुवैद्याचा सल्ला बहुधा मोडला जातो, आणि तो आळसाने नव्हे तर सद्भावनेने मोडला जातो, म्हणून त्याचा विचार धर्मविचाराच्याच भाषेत होणे आवश्यक आहे.

या प्रश्नाची सर्वांत नेमकी मांडणी जैन आचारशास्त्रात सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत पूर्णपणे न मोडता त्याला डाग लावणारे वर्तन. बांधून ठेवणे, मारहाण करणे, अवयव छेदणे, प्रमाणाबाहेर ओझे लादणे आणि अन्नपाण्यापासून वंचित ठेवणे, असे हे पाच अतिचार होत. शेवटच्या अतिचाराला अन्नपाननिरोध अशी संज्ञा आहे, आणि ही यादी प्रामुख्याने माणसाच्या ताब्यात असलेल्या जिवांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली दिसते, कारण ज्याचे अन्न दुसऱ्याच्या हातात आहे त्याचेच अन्न रोखता येते. त्यामुळे ताटलीकडे आशेने पाहणाऱ्या कुत्र्याला अर्धेच खाणे देणाऱ्या श्रावकाला आपल्याकडून व्रताचा अतिचार घडतो आहे काय अशी शंका आली, तर ती शंका भाबडी ठरवता येणार नाही.

मात्र त्याच यादीत अन्नपाननिरोधाच्या लगेच आधी अतिभारारोपण, म्हणजे प्रमाणाबाहेर ओझे लादणे, हा अतिचार आहे, आणि स्थूल कुत्र्याच्या प्रश्नाचे मर्म या शेजारात आहे. परंपरेने या अतिचाराचा अर्थ बैलाच्या किंवा घोड्याच्या पाठीवर घातलेला अवजड भार असा घेतला आहे. तो शरीरातील मेदापर्यंत नेणे हा आधुनिक विस्तार आहे, हे मान्य करावे लागेल. पण हा विस्तार ओढूनताणून केलेला नाही. ज्या लॅब्राडॉरचे योग्य वजन ३० किलो आहे तो ३९ किलोंचा झाला, तर ९ किलोंचे ओझे त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि खुब्यांवर झोपेतून उठताना, जिना चढताना, धावताना कायम असते, आणि बैलाच्या पाठीवरची गोणी संध्याकाळी उतरते तसे ते उतरत नाही. शिवाय मेद हा निष्क्रिय साठा नसून तो दाह वाढवणारी द्रव्ये निर्माण करतो, त्यामुळे सांध्यांची झीज केवळ भारामुळे होते असेही नाही. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांचा जन्मभर अभ्यास करण्यात आला. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी अन्न मिळालेल्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले, आणि पहिल्या गटात जुनाट विकारांवरील उपचारांची गरजही उशिरा निर्माण झाली. विशेष म्हणजे अधिक अन्न मिळालेले कुत्रे अवाढव्य नव्हते. ते साधारणतः घरोघरी दिसतात तसे गुबगुबीत होते.

तेव्हा पालकापुढे निरोध आणि निर्दोषता असे दोन पर्याय नसतात. त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी अतिचाराची शक्यता उभी असते, एक उघड आणि तात्कालिक, दुसरी लपलेली आणि दीर्घकालीन. या दोहोंत निवड करण्याचा निकष तत्त्वार्थसूत्रच पुरवते, कारण तेथे हिंसेची व्याख्या प्रमादाच्या योगाने होणारा प्राणघात अशी केली आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, विकारवशता, लक्ष नसणे. मोजून, तपासून, प्राण्याच्या हिताचा विचार करून कमी केलेले अन्न या व्याख्येत बसत नाही. दूरदर्शन पाहता पाहता टाकलेले आठवे बिस्किट मात्र बसते. लाड आणि क्रौर्य ही एकमेकांची विरुद्ध टोके आहेत ही समजूत येथे टिकत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप शिल्लक राहतो. भारतीय धर्मांत आहारसंयमाला जे मोल आहे ते संकल्पामुळे आहे. एकादशीचा उपवास असो वा पर्युषणातील अठ्ठाई, म्हणजे सलग आठ दिवसांचा उपवास, तो करणाऱ्याने स्वतः स्वीकारलेला असतो. कुत्रा संकल्प करू शकत नाही, उद्याच्या आरोग्यासाठी आजचे सुख सोडण्याचा अर्थ त्याला कळत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला तपाचे क्लेश तेवढे येतात आणि फळाची जाणीव येत नाही. पाली संयुत्तनिकायातील दोणपाक सुत्त या संदर्भात लक्षणीय आहे. कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत बुद्धाकडे येतो, तेव्हा बुद्ध मिताहाराची एक गाथा सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावतो आणि आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायला सांगतो, त्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण देण्याचे ठरवतो, आणि हळूहळू एका नाळी भातावर, म्हणजे एका ठरावीक लहान मापावर, येऊन ठेपतो. येथे संयमाची आठवण बाहेरून येते हे खरे, पण ती आठवण राजाने स्वतः विकत घेतलेली आहे. कुत्र्यासाठी सुदस्सनही माणूस आणि सुदस्सनाला नेमणाराही माणूसच.

या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, पण त्याचे बळ कमी करणारी एक वस्तुस्थिती आहे. ज्या इच्छेचा मान राखावा असे आक्षेपक म्हणतो, ती इच्छा कितपत कुत्र्याची स्वतःची आहे? केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की लॅब्राडॉर कुत्र्यांपैकी सुमारे चतुर्थांश कुत्र्यांमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. हा दोष असलेले कुत्रे वजनाने अधिक आणि अन्नाच्या मागे अधिक लागणारे आढळले. माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडीने घडवलेल्या प्राण्याची भूकही अशा प्रकारे अंशतः माणसाच्या कारभाराचा परिणाम ठरते. शिकार कोणती करावी, जोडीदार कोण असावा, दार केव्हा उघडावे, हे सर्व निर्णय ज्याच्याकडून काढून घेतले आहेत, त्याला केवळ अतिभोजनाच्या बाबतीत स्वायत्त मानणे हे स्वायत्ततेचा आदर करणे नव्हे, तर जबाबदारी टाळण्याचा सोयीस्कर मार्ग होय.

तरीही जनुकदोषाने वाढलेली भूक खोटी नसते. ती त्या कुत्र्याला खरोखरच लागते, आणि म्हणून आहारनियमनाची पद्धत ही केवळ तंत्राची बाब न राहता नीतीची बाब होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे वर्णन करताना म्हटले आहे की मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यात फिरतो, जठराग्नी प्रज्वलित करतो आणि त्यामुळे स्थूलाला भूक अधिकच लागते. यावर चरकांनी सुचवलेला उपाय उपासमारीचा नसून गुरू आणि अपतर्पण, म्हणजे पचायला जड पण पोषण कमी करणाऱ्या, आहाराचा आहे. हा विचार माणसांसाठी मांडलेला आहे आणि त्याची शरीरक्रियेची उपपत्ती आजच्या विज्ञानाहून वेगळी आहे, पण आजचे पशुवैद्यक तंतुमय पदार्थ आणि प्रथिने अधिक, स्निग्धांश कमी अशा आहाराकडे त्याच कारणाने वळते : भूक शमावी आणि ऊर्जा मोजकीच मिळावी.

हिशेब असा मांडला जातो. विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची गरज काढण्यासाठी किलोंतील वजनाचा ०.७५ हा घात काढून त्याला ७० ने गुणतात. ३० किलो आदर्श वजनासाठी ही गरज सुमारे ९०० किलोकॅलरी येते, आणि वजन उतरवण्याचा आहार बहुधा या आकड्याच्या आसपास सुरू करून दर काही दिवसांनी वजन पाहून बदलला जातो. वरखाण्याला एकूण ऊर्जेचा दहावा भाग, म्हणजे येथे ९० किलोकॅलरी, एवढीच मुभा असते; तूप लावलेली एक पोळी ही मर्यादा ओलांडते. वजन आठवड्याला १ ते २ टक्के या गतीने उतरावे, म्हणजे ३९ किलोंवरून ३० वर येण्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. नेहमीचेच खाणे निम्मे करणे योग्य नव्हे, कारण त्यात प्रथिने, जीवनसत्त्वे आणि खनिजेही निम्मी होतात; हा खरा अन्ननिरोध होय. दुधी, फरसबी, गाजर, लाल भोपळा अशा भाज्या मीठ-मसाल्यावाचून उकडून दिल्यास ताटली भरलेली राहते. कांदा, द्राक्षे आणि मनुका मात्र कुत्र्याला विषारी आहेत. थायरॉइडची न्यूनता किंवा कुशिंग रोग यांमुळेही वजन वाढू शकते, त्यामुळे तपासणी आधी आणि मोजमाप नंतर, हा क्रम पाळणे इष्ट.

आता कर्त्याचा प्रश्न येतो. संकल्प कुत्रा करू शकत नसेल तर या व्रताचा यजमान कोण? उत्तर एकच संभवते, की संपूर्ण घर. एकाने मोजून द्यावे आणि दुसऱ्याने टेबलाखालून पुरवावे, अशा घरात नियमन होत नाही, फक्त कुत्र्याला कोणाजवळ बसावे हे कळते. एकादशीला घरातील माणसे उपवासाला बसतात आणि कुत्र्याच्या वाट्याला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी व दोन-चार वेफर्स येतात, हा विनोद अनेक घरांत दरमहा दोनदा घडतो. घास देणाऱ्याला जे सुख होते ते खोटे नाही. आजारी, एकाकी किंवा निवृत्त माणसासाठी ते दिवसातील मोठे सुख असू शकते, आणि कोणत्याही वैद्यकीय तक्त्याने त्याची टर उडवू नये. परंतु ते सुख देणाऱ्याचे आहे हे मान्य केले पाहिजे. दानशास्त्राने देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे असे म्हटले आहे, आणि घेणाऱ्याची गरज न पाहता दिलेले दान त्या शास्त्राच्या कसोटीलाही उतरत नाही.

१९२६ मध्ये अहमदाबादच्या भटक्या कुत्र्यांवरून मोठा वाद उसळला असताना गांधींनी यंग इंडियातील लेखमालेत जी भूमिका घेतली ती या ठिकाणी उपयोगी आहे. रस्त्यावरील कुत्र्यापुढे तुकडा टाकून दयेचे समाधान मिळवणे त्यांना अपुरे, किंबहुना भ्रामक वाटत होते. कुत्रा पाळायचा असेल तर त्याची संपूर्ण जबाबदारी घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या लेखमालेतील इतर मतांशी, विशेषतः कुत्र्यांच्या हत्येला त्यांनी काही परिस्थितीत दिलेल्या मुभेशी, अनेकांचे तीव्र मतभेद झाले आणि ते आजही होऊ शकतात. पण तुकडा आणि जबाबदारी यांतील भेद त्या वादाबाहेरही टिकतो. पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत जबाबदारी म्हणजे वजनकाटा, मोजण्याचा पेला, आणि त्याहून कठीण असे ताटलीजवळचे ते दोन मिनिटांचे दुर्लक्ष, ज्यानंतर बहुतेक कुत्रे मागणे सोडून दुसरीकडे वळतात.

नामदेवांच्या तुपाचे मग काय करायचे, असा प्रश्न श्रद्धावान वाचक विचारील. त्या कथेतील कुत्रा कोरडी पोळी घेऊन पळाला होता, आणि नामदेवांनी त्याच्यात विठ्ठल पाहिला होता. तूप हे त्या ओळखीचे चिन्ह आहे, आहाराचा दंडक नव्हे. ज्याच्यात देव पाहायचा त्याला त्याचे खरे हित पाहून वाढावे, हे भक्तीच्या विरोधात जात नाही. नैवेद्यालाही काळ-वेळ आणि प्रमाण असतेच.

या युक्तिवादाची मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. भविष्यातील वेदना टाळण्यासाठी आजचे सुख कमी करणे हे समर्थन भविष्य शिल्लक असेल तोवरच चालते. चौदा वर्षांच्या, असाध्य कर्करोग झालेल्या कुत्र्याच्या उरलेल्या आठवड्यांत वजनाचे लक्ष्य गाठण्याला काही अर्थ उरत नाही, आणि अशा वेळी पशुवैद्यही आहाराचे बंधन सैल करून कुत्रा जे आवडीने खाईल ते, विषारी पदार्थ वगळून, देण्यास सांगतात. जैन परंपरेतील सल्लेखना, म्हणजे अंतकाळी जाणीवपूर्वक केलेला क्रमिक अन्नत्याग, त्याच्यासाठी दुसरे कोणी करू शकत नाही. तेथे माणसाचे काम पुन्हा भूतयज्ञाइतके सोपे होते : समोर अन्न ठेवायचे, आणि तो खाईल तेवढे त्याला खाऊ द्यायचे.