उणा आकडा आणि निवाडा

वस्तूची पारख वरच्या रंगावरून करू नये, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु अंतरंग कसे पारखावे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या रहाटणीसारख्या वस्तीत एखाद्याने जुनी पद्मिनी, वेग वाढवून, हौसेने बाळगलेली असते. कुर्ल्यास या गाडीची घडण केव्हाच थांबली. तेव्हा तिचे इंजिन निकामी ठरविणे ही लहान गोष्ट नव्हे.

अशा वेळी जाणता मिस्त्री आधी इंजिन तापवितो, बॅटरी भरलेली आहे ना हे पाहतो, चारही प्लग काढतो आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिनास मोकळी हवा देतो. मगच एकेका सिलिंडरचा दाब मोजतो. कारण थंड इंजिन वा दुबळी बॅटरी असता आकडा खालावतो, तो दोष परीक्षेचा असतो. एक सिलिंडर इतर तिघांहून फार उणा पडला, तरी तो निकाल देत नाही. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतो. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांवर संशय.

विद्यार्थ्यास वा नोकरास पारखताना इतकी काळजी कोण घेतो? हवा कोंडावयाची आणि दम नाही म्हणून दूषण द्यावयाचे, हाच बहुधा शिरस्ता. आमच्या मते उणा आकडा हा निवाडा नव्हे, पुढचा प्रश्न होय. आणि तो विचारण्याचा ज्यास कंटाळा, त्याने परीक्षकाच्या आसनावर बसू नये.