जुनी गाडी आणि खरेपणाचा प्रश्न

एखाद्या जुन्या वस्तूतले किती भाग बदलले म्हणजे ती पहिली वस्तू राहत नाही? प्रश्न फार जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियस या वीराचे जहाज जपून ठेवले होते, कुजलेली फळी काढून तेथे नवी बसवीत ते राखले होते, आणि जहाज तेच राहिले की नाही यावर तत्त्वज्ञ वाद घालीत, असे प्लुटार्कने लिहिले आहे. पुढे १७ व्या शतकात हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली. काढलेल्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते?

आम्हा हैद्राबादकरांना यासाठी अथेन्सला जावे लागत नाही. चिक्कडपल्लीच्या गल्लीत मिस्त्रीने काढून टाकलेला भाग जुम्मेरात बाजारात जातो आणि तेथून दुसऱ्याच कोणाच्या गाडीला लागतो.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ. २०११ साली हीरो मोटोकॉर्पने 'इम्पल्स' नावाची मोटारसायकल काढली. डांबरी सडक आणि कच्ची वाट, दोन्हींसाठी ती केलेली. जमिनीपासून पोट २४५ मिलिमीटर उंच, तारांची चाके, पुढचे १९ इंचांचे. अनंतगिरीच्या टेकडीवर जाणाऱ्या हौशी तरुणांना ती आवडे. पण ज्यांचे गाव बीदर-उदगीरकडे आहे आणि शेवटची वाट शेतातून जाते, त्यांच्या ती खऱ्या उपयोगाची होती. खप फारसा झाला नाही आणि काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. आज ती जुनी गाडी म्हणून हातोहात फिरते. यंत्र त्याच कंपनीच्या हंक आणि सीबीझी एक्स्ट्रीम या गाड्यांच्या जातीचे, म्हणून त्याचे सुटे भाग राणीगंजात शोधले तर मिळतात. बाहेरचे प्लास्टिक आणि पुढचे लांब शॉकअॅब्सॉर्बर मात्र याच गाडीचे. ते मिळणे कठीण.

अशी गाडी नीट करावयाची तर 'सगळे मूळचेच ठेवा' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस हा नियम अपुरा वाटतो. पेट्रोलचेच पाहा. २०२५ सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज धरतो, कार्बोरेटरच्या वाटीत गाळ बसतो आणि जेटचे बारीक छिद्र बुजते. जुन्या जातीचे रबर फुगते किंवा कडक होऊन चिरते. मूळ नळी जपण्याचा आग्रह धरणाऱ्याच्या गाडीखाली एके दिवशी पेट्रोल ठिबकेल. तेथे नवे इंधन सोसणारी नळी आणि सील घालणे हेच गाडीशी इमान राखणे होय. बनविणाऱ्याने गाडी चालण्यासाठी बनविली होती, नळी जपून ठेवण्यासाठी नव्हे.

मग वाटेल ते बदलावे काय? येथे खरा पेच येतो. या गाडीविषयी नेहमीची तक्रार अशी, की तिच्यात जोर कमी. मूळ यंत्र १४९.२ घनसेंटिमीटरचे. म्हणून काही जण त्याच्या जागी करिझ्माचे २२३ घनसेंटिमीटरचे यंत्र बसवितात. बसते चांगले, आणि गाडी घाटात जोमाने चढते. परंतु आर. सी. बुकात यंत्राचा जुना क्रमांक तसाच राहतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे बनविणाऱ्याने ठरविलेल्या मूळ तपशिलांच्या विरुद्ध फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले. 'त्यात कोणाचे काय बिघडते?' असे तरुण विचारतात. अपघात झाला म्हणजे बिघडते. ज्याला धक्का लागला तो बिचारा विम्याच्या भरपाईसाठी दारोदार फिरतो, आणि गाडी व कागद यांचा मेळ नसल्याने वाद वाढत जातो. नळी बदलली तेव्हा कोणाला काही खोटे सांगावे लागले नव्हते. हे यंत्र बदलले की गाडी रस्त्यावर असेपर्यंत रोज एक खोटे जवळ बाळगावे लागते. संडे स्कूलच्या मोठ्या वर्गात हा भेद मांडून पाहावा. गाड्यांची माहिती मुलांना आपल्यापेक्षा जास्त असते, ती गप्प बसणार नाहीत.

कागद बरोबर असूनही खोटे असे आणखी एक आहे, आणि आमच्या मते ते अधिक वाईट. चासीला चीर गेलेली असते. तीवर पुट्टी भरून चकचकीत रंग देतात. मागच्या स्विंग आर्मचे बुश झिजून चाक डुलत असते, हँडलच्या कोनसेटमध्ये खड्डे पडलेले असतात, तारा सैल असतात. पण नवी सीट आणि नवे स्टिकर लावून गाडी विकायला उभी राहते. बुश आणि बेअरिंगचा खर्च कोणाला दिसत नाही, म्हणून तोच वाचविला जातो. घेणारा मात्र पत्नीला मागे बसवून महामार्गावर जाणार असतो. गाडी केव्हा व काय बदलून नीट केली हे तारखांसह एका वहीत लिहून ती वही गाडीबरोबरच घेणाऱ्याच्या हाती देणारा मालक विरळा. असा कोणी भेटला तर दोन पैसे अधिक द्यावेत.

सरकारनेही मूळपणाचा विचार केला आहे. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतात; पण ती प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांवाचून रस्त्यावर आणता येत नाहीत. म्हणजे मूळ रूपाचा मान मिळाला की रोजचे काम सुटले. इम्पल्सला हा मान २०६१ च्या सुमारास मिळेल. तोवर तिने भाजी आणावी, गावी जावे हेच बरे.

तूर्त तिच्यापुढची अडचण निराळी आहे. नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ५ वर्षांसाठी नवी करून घ्यावी लागते. २०११ च्या अखेरीस नोंदलेल्या गाडीची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. तिच्या पाटीवर अजून 'एपी' आहे. २०१४ साली तेलंगण झाले, २०२४ पासून नव्या गाड्यांना 'टीजी' मिळते, पण जुनीचा क्रमांक तोच राहिला. तपासणीच्या वेळी चासीवर ठोकलेला क्रमांक वाचता आला पाहिजे. पेन्सिलीने घासून त्याचा ठसा घेतात. चासी पावडर कोटिंगला देताना त्या जागेवर आठवणीने पट्टी चिकटवायला सांगावे. कारागीर आपण होऊन ती लावीलच असे नाही, आणि जाड थर एकदा बसला की आकडे उकरून काढताना हाल होतात.