रोज किती द्यावा?



आपल्या मुळा-प्रवरेच्या पट्ट्यात दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, "फादर, मजूर मिळत नाहीत." तरुण म्हणतो, "फादर, गावात काम नाही." रविवारी मिस्साला हे दोघे एकाच बाकावर बसलेले असतात. कधी कधी तर ते बाप-लेकच असतात. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मग अडते कुठे? अडते ते रोजावर. काम आहे, पण त्या कामाच्या पैशात घर चालत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये होता. समजा, एखाद्या माणसाला हाच रोज वर्षातून दीडशे दिवस मिळाला, तर होतात ४६,८०० रुपये. म्हणजे महिन्याला ३,९००. यातून किराणा, गॅस, दवाखाना, वह्या-पुस्तके, एसटीचे भाडे आणि कुठे लग्न, कुठे मयत. आपला मुलगा आयटीआय झाला की सुपा, रांजणगाव नाहीतर चाकण गाठतो, ठेकेदाराकडे लागतो आणि एका खोलीत सहा जणांत झोपतो. आपण म्हणतो, "हल्लीच्या पोरांना मातीत हात घालायची लाज वाटते." काहींना वाटतही असेल. पण बहुतेकांनी वरचा हिशेब आपल्याआधीच केलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कांदा लागणीच्या वेळी रोज ठरतो, किंवा एकरी उक्ते ठरते. कोणी रोज कमी असल्याचे बोलून दाखवले, की एक उत्तर हमखास मिळते: "मी काय बळजबरी केली का? भाव सांगितला, मावशी हो म्हणाल्या." हे उत्तर देणारी माणसे वाईट नसतात. त्यांना मनापासून वाटते, की दोन्ही बाजूंनी कबूल केले म्हणजे व्यवहार रास्त झाला. बाजारात आपण असेच वागतो. मग मजुरीत वेगळे काय?

समजा, एक माणूस विहिरीत पडला आहे. काठावर दुसरा दोर घेऊन उभा आहे. तो म्हणतो, "तुझी दोन एकर माझ्या नावावर करतोस का?" आतला म्हणतो, "करतो!" त्याने हो म्हटले, कोणी त्याचा हात धरून अंगठा उठवला नाही. तरी या सौद्याला आपल्यापैकी एकही जण रास्त म्हणणार नाही. का? कारण त्याच्याकडे "नाही" म्हणण्याची सोय नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या "हो"ला कितीसा अर्थ? भूक ही विहिरीइतकी खोल नसेल, पण जात तीच.

पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र काढले, तेव्हा युरोपातील कारखान्यांचे मालक अगदी हेच उत्तर देत होते: मजुराने मजुरी कबूल केली, आम्ही ती दिली, मिटले. पोप महोदयांनी ते मान्य केले नाही. मालक-मजुरांनी करार खुशाल करावा, पण कोणत्याही कराराच्या आधीचा एक न्याय आहे, असे त्यांनी मांडले. नेकीने आणि काटकसरीने राहणाऱ्या मजुराचे भागेल इतकी ती मजुरी हवी. दुसरा इलाज नाही म्हणून किंवा आणखी वाईट होईल या भीतीने त्याने कमी मजुरी पत्करली, तर तो अन्याय सोसतो आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेतले, तेव्हा या विश्वपत्राचीच आठवण दिली.

याहून जुना एक विचार सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वाचनात आला होता आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीच्या न्यायाबद्दल लिहिताना एक बारीक गोष्ट पकडली आहे. घेणाऱ्याला एखादी वस्तू फार निकडीने हवी असली, तर त्या निकडीपायी देणाऱ्याने भाव चढवू नये. कारण ती निकड घेणाऱ्याची आहे, देणाऱ्याची नव्हे. जे आपले नाही ते आपण विकू शकत नाही.

हेच मजुरीला लावून पाहा. मावशींच्या घरात आज पीठ नाही, म्हणून त्या पन्नास रुपये कमी घ्यायला तयार होतात. ते पन्नास रुपये कशाचे? त्यांनी रोप कमी लावले का? वाफ्यात कमी वाकल्या का? ते पन्नास रुपये त्यांच्या रिकाम्या डब्याचे आहेत. आणि तो डबा तर आपला नाही! मग त्याची किंमत आपल्या खिशात कोणत्या हक्काने येते?

येथे एक तक्रार येईल आणि ती ऐकून घेतली पाहिजे. "फादर, आता कोण उपाशी आहे? जानेवारी २०२३ पासून रेशन फुकट झाले, जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले. म्हणून तर बाया कामाला येईनात." हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो, की त्यातला अर्थ निसटून जातो. डब्यात पीठ आहे म्हणून बाई येत नसेल, तर पूर्वी ती कशामुळे येत होती? रोज चांगला होता म्हणून नव्हे. आपण मजूर मिळत नाहीत म्हणून हळहळतो, की भूक कमी झाली म्हणून? त्या दीड हजारात कोणाचे घर चालत नाही. त्याने इतकेच झाले, की बाईला एखाद-दुसऱ्या दिवशी "नाही" म्हणता येऊ लागले, आणि तिचे "हो" थोडे खरे झाले.

कायदे करणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक असते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले, हे चांगलेच. पण त्याचबरोबर पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे थांबवण्याची तरतूद आली. शेतीला माणसे मिळावीत, हा हेतू. हेतू समजण्यासारखा आहे. परंतु ज्या दिवसांत मजुराचा भाव वाढू शकतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा दुसरा दरवाजा लावून घेतला जातो. याला न्याय म्हणावे का, हा प्रश्न मला पडतो.

आता दुसऱ्या बाजूचे बोलू, नाहीतर शेतकरी बांधव म्हणतील, फादरांनी कधी पट्टी पाहिली आहे का? पाहिली आहे. खत, औषध, वीज, मजुरी, बारदान, टेम्पोचे भाडे वजा जाऊन हातात काय उरते तेही पाहिले आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. शहरात कांदा महाग होऊ नये म्हणून तो निर्णय होता. ज्याचा लाल कांदा तेव्हा निघत होता, त्याच्याकडे काय इलाज होता? लिलावात भाव पुकारला गेला, त्याने हो म्हटले. भरलेला टेम्पो परत कुठे न्यायचा? म्हणजे तोही त्याच विहिरीत.

खरे पाहता मजुराचे दुःख शेतकऱ्याइतके कोणालाच कळायला नको. नाशवंत माल घेऊन बाजारात उभे राहणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक आहे. उन्हाळी कांदा निदान चाळीत चार महिने टिकतो. मजुराचा दिवस सकाळी विकला गेला नाही, तर दुपारी सडतो. प्रभू येशूने द्राक्षमळ्याचा दाखला सांगितला, त्यातली संध्याकाळपर्यंत चौकात उभी असलेली माणसे आठवा. रिकामे का उभे, असे विचारल्यावर त्यांनी आपल्याला कोणी कामाला लावलेच नाही असे सांगितले. धन्याने त्यांनाही पुरा दिनार दिला, म्हणजे एका दिवसाचा रोज. सकाळपासून राबलेले कुरकुरले, आणि हा दाखला वाचला की आपल्याकडेही कुरकुर होते.

मग ज्या शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही, त्याच्यावर पुऱ्या मजुरीचे कर्तव्य कसे लादायचे? जे करणे शक्य नाही, ते कर्तव्य होऊ शकत नाही, हा नीतिशास्त्राचा जुना नियम आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या विश्वपत्रात यातून वाट दाखवली. मजुराचा समोरचा मालक असतो तसा एक अप्रत्यक्ष मालकही असतो, असे ते म्हणतात. ज्या कायद्यांमुळे, भावांमुळे आणि धोरणांमुळे समोरच्या मालकाला मजुरी ठरवावी लागते, ते सर्व मिळून अप्रत्यक्ष मालक. कांद्यापुरते बोलायचे तर निर्यातबंदी करणारे सरकार, लिलावातले व्यापारी आणि कांदा वीस रुपये किलोने मिळालाच पाहिजे म्हणणारे शहरातले घर. ऊसतोड करणाऱ्याच्या कोयत्यामागे तर मुकादम, कारखाना, साखरेचा भाव अशी रांगच आहे. मुकादमाकडून उचल घेतली, की फिटेपर्यंत "नाही" म्हणायचे नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तो काही एका शेतकऱ्याने खिशात हात घालून केलेला नव्हता.

हा अप्रत्यक्ष मालक पैसे देतो का? महाराष्ट्रात एकदा त्याला द्यायला लावले गेले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. १९६५ साली तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ साली कायदा झाला. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी त्या दुष्काळात खडी फोडली आहे, पाझर तलावांची माती वाहिली आहे. योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापले जात आणि इकडे हजेरीपटावर मजुरी निघे. दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत.

पण अप्रत्यक्ष मालकाच्या आड लपताही येत नाही. कांद्याचा भाव आपल्या हाती नाही, हे खरे. बाई आणि गडी एकाच वाफ्यात एकच काम करत असताना बाईचा रोज कमी का, याचा कांद्याच्या भावाशी काय संबंध? समान मोबदल्याचा कायदा १९७६ सालचा आहे. आता त्याची जागा घेणारी वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, तीही हेच सांगते. आणि आज केलेल्या कामाचे पैसे "पट्टी झाली की देतो" म्हणून महिनाभर लांबवणे? मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे अनुवादाच्या पुस्तकात मोशेचे नियमशास्त्र सांगते, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. पट्टीची जोखीम शेतकऱ्याची आहे. मजुराने ती उचलायची, तर कांदा तेजीत गेल्यावर नफ्यातही त्याला वाटा द्यावा लागेल, आणि तसे कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

हा प्रश्न मिशनच्या कंपाउंडातही आहे, हे लिहायला हवे. येथे स्वयंपाक करणारी, बाग पाहणारी, चर्च झाडणारी माणसे आहेत. सेवा म्हणून करतात, हे खरेच. पण सेवा हा शब्द रोज कमी करण्यासाठी वापरायचा नसतो. त्यांना काय मिळते हे ज्याला विचारायचे असेल त्याने मला विचारावे.

तरुणांना गाव सोडू नका, असा उपदेश मी करणार नाही. तसा उपदेश करून कोणी थांबल्याचे मला माहीत नाही. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारला बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. तेथे १९९० नंतरच्या काळात पाणी अडवले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घेणे आणि ऊस-केळी लावणे थांबवले. पाणी टिकले, दुसरे पीक आले, दुधाचा धंदा वाढला, आणि मग वर्षभर काम मिळू लागले. येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी याच जिल्ह्यातून पाणलोट विकासाचे काम उभे केले, त्यामागेही हाच विचार होता. कामाचे दिवस वाढले की मजुराला नाही म्हणता येते आणि शेतकऱ्यालाही देता येते. आपल्याकडे कालवा आहे, म्हणून आपण याचा विचार कमी केला, असे मला वाटते.

कांद्याची रोपे आता लागणीला येतील आणि पुढच्या आठवड्यात रोज ठरतील, बहुधा बांधावर, घाईघाईत. त्याआधी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये बसू या. शेतकऱ्यांनी गेल्या हंगामाच्या पट्ट्या आणाव्यात. टोळीच्या मावशींनी हजेरीची वही आणावी, आणि त्या पाठीमागे उभ्या राहणार नाहीत, पहिल्या बाकावर बसतील. चहा मिशनकडून.