कृपा आणि उतराई

‘उतराई’ हा मराठीतील मोठा मानी शब्द आहे. कोणी उपकार केला की “आपला उतराई कसा होऊ?” असे आपण म्हणतो, आणि ते न साधले तर मन खात राहते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी ऋणांची वही जन्मतःच हाती देणाऱ्या परंपरेत हे स्वाभाविकच आहे. ऋण फेडावे आणि मान ताठ ठेवावी. ख्रिस्ती धर्मातील ‘कृपा’ समजून घेताना आपल्याकडील सुशिक्षितास जी अडचण पडते ती, माझ्या मते, ह्या ताठ मानेचीच आहे. कारण कृपा म्हणजे जी कमावली नाही आणि जी फेडताही येत नाही अशी देणगी.

मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त आहे. आमच्या मंगरूळपीराकडे रान कापसाचे. तेव्हा तो तेथेच पाहू. वेचणीची मजुरी वजनावर ठरते. संध्याकाळी गाठोडे काट्याला लागते आणि ज्याला त्याला आपापल्या वजनाप्रमाणे पैसे मिळतात. आता समजा, उन्हे कलल्यावर आलेल्या बाईच्या ओटीत जेमतेम दोन किलो कापूस असता मालकाने तिला सकाळपासून राबणारीइतकेच पैसे दिले. बांधावर केवढा गिल्ला होईल! आणि तो अगदीच गैर आहे असे कोण म्हणेल? दृष्टान्तातील धनी मजुरांना एवढेच विचारतो, की ठरले ते तुम्हांस मिळाले. मग माझ्या औदार्याने तुमचे काय गेले? ही गोष्ट आपणांस खटकते, कारण आपण सारे सज्जन लोक स्वतःस सकाळचे मजूर समजून ती ऐकतो. उशिरा आलेल्या बाईच्या जागी बसून ती क्वचितच कोणी ऐकली असेल.

तथापि कृपेचा खरा कस लागतो तो दुःखात. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७० नंतरच्या दशकात, दुष्काळाच्या दिवसांत, एकामागून एक गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास तेवढे वाचले. अशा मनुष्याने ‘देवाने मला राखले’ म्हणावे, तर आईला का राखले नाही? ह्या प्रश्नाला तयार उत्तर देणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही. एवढे मात्र दिसते, की आपले वाचणे ही आपली पुण्याई मानली तर तो मेलेल्यांचा अपमान होतो. कृपा म्हटले की हा हक्क सुटतो.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. परंतु कृपेचा प्रत्यय आपणांस पुढे कित्येक वर्षांनी आला, असे त्यांनीच १९०७ च्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून उभे राहिले. स्वतःची भूक त्या विसरल्या नव्हत्या. येथे कृतज्ञता देणाऱ्याकडे परत गेली नाही. ती आडवी, तिसऱ्याच कोणाकडे वळली.

ह्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८९३ साली शारदासदनातील धर्मप्रभावाच्या संशयावरून कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या, आणि रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. तो संशय केवळ द्वेषाचा होता असे म्हणून मोकळे होता येत नाही. निराधार मुलीने आश्रयदात्याच्या देवाला हात जोडले, तर त्यात तिची खुशी किती, हे कोणी मोजावे? ज्या अन्नाच्या बदल्यात आभार मागितले जातात ते अन्न मजुरी होते. आणि हा आक्षेप बाहेरच्या टीकाकाराचा नसून खुद्द कृपेच्या सिद्धान्तातूनच निघतो. मिशनऱ्यांनी तो आपल्या विरोधकांहून अधिक मनावर घ्यावयास हवा होता.

ग्रीक भाषेत ‘खारिस’ हा एकच शब्द कृपा आणि आभार ह्या दोन्ही अर्थी येतो. आपला ‘कृतज्ञ’ही, नीट पाहिले तर, फेडण्याविषयी काहीच बोलत नाही, केलेले जाणतो तो कृतज्ञ, इतकेच. त्याचा विरोधी ‘कृतघ्न’ हा ऋण बुडविणारा नव्हे, केलेले नाहीसे करणारा.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. थोडे शिकलेल्या बायकांनाही ते वाचता यावे म्हणून. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम त्यानंतरही चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला.